ट्रेम-२ : मेंदूतील दाह आणि एक लहानसे जनुक

ट्रेम-२ हे माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावरचे एक जनुक आहे. त्यावरून तयार होणारे प्रथिन २३० अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या मानाने लहानखुरेच. ते पेशीच्या पटलात रोवलेले असते. त्याचा मोठा भाग पटलाबाहेर असतो, एक तुकडा पटलातून आरपार जातो आणि आत अगदी आखूड शेपूट राहते. शरीरातल्या भक्षक पेशी, हाड झिजवणाऱ्या पेशी आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी यांच्या पृष्ठभागावर हे प्रथिन सापडते. चेतापेशींमध्ये ते जवळपास नसतेच. तरीही या जनुकात बिघाड झाला की ऱ्हास होतो तो चेतापेशींचा. रोगप्रतिकार यंत्रणेतले जनुक आणि स्मृतिभ्रंश यांचा हा संबंध गेल्या पंचवीस वर्षांत उलगडत गेला आणि त्यापायी मेंदूतील दाहाबद्दलची जुनी समजूत बदलावी लागली. दाह म्हणजे सरसकट नुकसान, तेव्हा तो दाबून टाकावा, असे मानणाऱ्यांना ट्रेम-२ने चांगलेच अडचणीत आणले आहे.

मायक्रोग्लिया या मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या छेदांमध्ये त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिले. मेंदूतल्या एकूण पेशींपैकी साधारण पाच ते दहा टक्के पेशी या जातीच्या असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आयुष्यभर अस्थिमज्जेत जन्म घेत राहतात. मायक्रोग्लियांचे पूर्वज मात्र गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला पीतक-कोशातून निघून मेंदूत शिरतात, हे २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसून आले. पुढे त्या तिथेच राहतात आणि तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात.

या पेशी एरवी स्वस्थ पडून असतात, असा समज बरीच वर्षे होता. २००५ मध्ये दोन संशोधक गटांनी उंदराच्या कवटीचे हाड खरवडून पातळ केले आणि विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत मेंदूत डोकावून पाहिले. मायक्रोग्लियाचा मधला भाग जागचा फारसा हलत नव्हता, पण तिच्या बारीक फांद्या सतत लांबत होत्या, आखडत होत्या, आसपासचा भाग चाचपत होत्या. लेसरने एखाद्या केशवाहिनीला सूक्ष्म इजा केली की काही मिनिटांतच भोवतालच्या पेशींच्या फांद्या तिकडे वळत आणि जखमेला वेढा घालत. मेलेल्या पेशींचा कचरा गिळणे, निकामी झालेल्या चेतासंधी काढून टाकणे, जंतूंचा बंदोबस्त करणे ही सारी कामे याच पेशी करतात.

मेंदूतला दाह गळवासारखा दिसत नाही. तिथे लाली नसते, ठणका नसतो. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते एवढेच, की मायक्रोग्लियांच्या फांद्या जाड आणि आखूड होतात, पेशींची संख्या वाढते, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ यांसारखी संदेशवाहक रसायने जास्त प्रमाणात स्रवू लागतात आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या शेजारच्या पेशीही आपला स्वभाव बदलतात. ही प्रतिक्रिया थोडा काळ टिकली तर उपकारक ठरते. वर्षानुवर्षे चालू राहिली तर तीच चेतापेशींच्या मुळावर येते. तिला चालना कधी द्यायची, तिचा जोर किती ठेवायचा आणि ती कोणत्या वळणाने न्यायची, हे ठरवणाऱ्या रेणूंपैकी ट्रेम-२ हा एक महत्त्वाचा रेणू.

ट्रेम कुळातल्या पहिल्या रेणूंचे वर्णन २००० मध्ये मार्को कोलोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. कोलोना तेव्हा स्वित्झर्लंडमधील बाझल येथे होते. पुढे अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी याच विषयाचा पाठपुरावा केला. या कुळात परस्परविरुद्ध वळणाचे दोन भाऊ निघाले. ट्रेम-१ जंतुसंसर्गात दाहाचा जोर वाढवतो. ट्रेम-२चा कल बऱ्याच अंशी उलटा असतो. उंदरांच्या भक्षक पेशींतून ट्रेम-२ काढून टाकल्यावर जंतूंच्या अंशांना त्या पेशींचे उत्तर अधिक तिखट येते आणि टीएनएफ जास्त स्रवते. गंमत अशी, की पेशीच्या आत संदेश पोहोचवण्यासाठी हे दोघे एकाच मदतनीस प्रथिनावर अवलंबून असतात. त्याचे नाव डॅप-१२. ट्रेम-२ची आतली शेपूट इतकी आखूड आहे, की तिला स्वतःहून काहीच कळवता येत नाही. बाहेरच्या भागाला एखादा रेणू येऊन चिकटला की पटलातच शेजारी बसलेल्या डॅप-१२मध्ये रासायनिक बदल होतो, मग सिक नावाचे विकर कामाला लागते आणि तिथून पुढे पेशीची हालचाल, भूक, वाढ आणि ऊर्जानिर्मिती यांवर परिणाम होतो.

ट्रेम-२ला चिकटणाऱ्या रेणूंची यादी लांबलचक असली, तरी तिच्यात एक सूत्र आहे, ते मेदाचे. पेशी मरू लागली की तिच्या पटलाच्या आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिल-सेरीन हा मेद बाहेरच्या बाजूला येतो. ट्रेम-२ तो ओळखते. चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणाचे तुकडे मेदानेच भरलेले असतात. तेही ट्रेम-२ ओळखते. अपोलिपोप्रोटीन-ई, म्हणजे एपोई, हे मेंदूत मेदाची ने-आण करणारे प्रथिनही त्याला चिकटते. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या बीटा-ॲमायलॉइडच्या लहान पुंजक्यांशीही त्याचा संबंध जुळतो. थोडक्यात, मेंदूत काही तरी मोडले आहे आणि त्याचा मेद उघडा पडला आहे, ही वर्दी मायक्रोग्लियाला ट्रेम-२मार्फत मिळते.

हे जनुक मुळीच नसेल तर काय होते, याचे उत्तर उंदरांच्या आधी माणसांनीच दिले होते. फिनलंडमधील पानू हाकोला आणि जपानमधील नासू यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, एकमेकांपासून हजारो मैलांवर, एका विलक्षण आजाराची नोंद केली. आज तो नासू-हाकोला रोग या नावाने ओळखला जातो. तो अतिशय दुर्मीळ आहे. फिनलंडमध्येही त्याचे प्रमाण दर दहा लाखांत एक-दोन एवढेच मानले जाते. बालपण नेहमीसारखे जाते. विशीत घोटे आणि मनगटे दुखू लागतात. एखाद्या किरकोळ पडण्याने हाड मोडते आणि क्ष-किरण चित्रात हाता-पायांच्या हाडांमध्ये पोकळ्या दिसतात. त्या पोकळ्यांतल्या मेदऊतीत नागमोडी पापुद्रे तयार झालेले असतात. तिशीत माणसाचा स्वभाव पालटतो. कामात चुका होतात, तारतम्य सुटते, बोलण्यातला आणि वागण्यातला संकोच नाहीसा होतो. जवळच्यांना आधी ते मानसिक आजारासारखे वाटते. पुढे झटके येऊ लागतात, स्मृती जाते, चालणे थांबते आणि बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या आत दगावतात. मेंदूचा छेद घेतला तर पुढच्या भागातील पांढरे द्रव्य, म्हणजे मायलिनयुक्त तंतूंचा भाग, क्षीण झालेला दिसतो.

हाड आणि मेंदू या दोन अवयवांना एकत्र जोडणारा दुवा जनुकशास्त्राने शोधला. २००० मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवले, की तिथल्या रुग्णांमध्ये डॅप-१२चे जनुक दोन्ही प्रतींत तुटलेले असते. काही कुटुंबांमध्ये मात्र डॅप-१२ शाबूत होते आणि आजार तोच होता. २००२ मध्ये त्यांच्यात ट्रेम-२चा बिघाड सापडला. मदतनीस नसला काय आणि ज्याला मदत करायची तोच नसला काय, परिणाम एकच. हाड झिजवणाऱ्या पेशी आणि मायक्रोग्लिया एकाच वंशातल्या असल्याने या दोन ठिकाणीच आजार का दिसतो, याचाही उलगडा झाला. आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा रोग होतो. त्यामुळे नात्यातल्या विवाहांतून जन्मलेल्या संततीत तो तुलनेने अधिक आढळतो.

या शोधाला वैद्यकात फारसे महत्त्व मिळाले नाही. दुर्मीळ आजाराचे दुर्मीळ जनुक, अशी त्याची नोंद झाली आणि दहा वर्षे गेली. हे दुर्लक्ष आज आश्चर्यकारक वाटते. रोगप्रतिकारक पेशीवरचे संदेश टिपणारे एकच प्रथिन नाहीसे झाले आणि तेवढ्याने स्मृतिभ्रंश झाला, याचे ते स्वच्छ उदाहरण होते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये चित्र पालटले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. पहिला आइसलँडमधील डीकोड या संस्थेचा होता. कारी स्टेफान्सन यांच्या या गटाने २,२६१ आइसलँडवासीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचले होते. दुसरा रिटा गेरेरो, जॉन हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. दोघांचे बोट एकाच जागी होते. ट्रेम-२च्या ४७ व्या स्थानावर आर्जिनीनऐवजी हिस्टिडीन आले, तर उतारवयात अल्झायमर होण्याची शक्यता पहिल्या अभ्यासानुसार सुमारे तीन पट आणि दुसऱ्यानुसार सुमारे साडेचार पट वाढत होती. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हा आकडा साधारण दोन ते चार पट असा राहिला. या बदलाला आर४७एच म्हणतात. तो घातक ठरायला दोन प्रती लागत नाहीत, एकच पुरते.

या शोधाची खरी किंमत कळण्यासाठी एपोईशी तुलना करावी लागते. १९९३ मध्ये एपोई-४ हा प्रकार अल्झायमरशी जोडला गेला. त्याची एक प्रत असलेल्या युरोपीय वंशाच्या व्यक्तीला धोका साधारण तीन पट असतो. आर४७एच धोक्याच्या बाबतीत त्याच्या जवळपास जाऊन बसतो. फरक प्रमाणाचा आहे. एपोई-४ लोकसंख्येत भरपूर आढळतो, आर४७एच युरोपीय लोकांतही शंभरात एकापेक्षा कमी जणांत सापडतो. म्हणजे अल्झायमरच्या एकूण रुग्णांपैकी अगदी थोड्यांचा आजार या बदलामुळे झालेला असतो. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण तो कार्यकारणाची दिशा सांगतो. अल्झायमरच्या मेंदूत दाह असतो हे आधीपासून ठाऊक होते. पण तो दाह रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, यावर वाद चालू होता. माणूस जनुक घेऊन जन्माला येतो. रोग सत्तर वर्षांनी येतो. तेव्हा मायक्रोग्लियातल्या जनुकातला बदल धोका वाढवत असेल, तर मायक्रोग्लिया नुसत्या साक्षीदार नव्हत्या, एवढे नक्की. मोठ्या जनुकीय पाहण्यांत सीडी-३३, आयएनपीपी-५डी, पीएलसीजी-२ अशी आणखी जनुके सापडली आणि त्यांतली बरीच मायक्रोग्लियांत काम करणारी निघाली. पीएलसीजी-२ तर ट्रेम-२च्या संदेशसाखळीतलीच पुढची कडी आहे. त्या कडीचे काम थोडे वाढवणारा एक जनुकीय बदल अल्झायमरपासून संरक्षण देतो, हे २०१७ मध्ये दिसले.

आर४७एच प्रथिनाचे नेमके काय बिघडवतो? नासू-हाकोला रोगातले वाय३८सी किंवा टी६६एम हे बदल प्रथिनाची घडीच चुकवतात. असे प्रथिन पेशीच्या आत अडकते, पृष्ठभागावर पोहोचतच नाही. आर४७एच तसा नाही. त्याचे प्रथिन पृष्ठभागावर पोहोचते, पण मेदाला आणि एपोईला नीट चिकटत नाही. म्हणजे बिघाड अर्धवट, आणि आजारही उशिरा व सौम्य प्रमाणात. उंदरांवर काम करणाऱ्यांना इथे एक चकवा बसला. उंदराच्या जनुकात हाच बदल घातल्यावर ट्रेम-२चे उत्पादनच घटले आणि त्यावरून बरेच निष्कर्ष निघाले. २०१८ मध्ये कळले, की उंदराच्या जनुकात या बदलामुळे आरएनएची जोडणी चुकते. माणसाच्या जनुकात तसे होत नाही.

ट्रेम-२चे प्रत्यक्ष काम सर्वांत स्पष्ट दिसते ते ॲमायलॉइडच्या पुटांभोवती, म्हणजे पेशींबाहेर साचलेल्या थरांभोवती. अल्झायमरसारखी पुटे तयार होणाऱ्या उंदरांच्या मेंदूचा छेद रंगवून पाहिला, तर प्रत्येक पुटाभोवती मायक्रोग्लियांचे दाट कडे दिसते. त्यांच्या फांद्या पुटाला इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की ॲमायलॉइड आखीव, दाबलेल्या गोळ्यासारखे राहते. ट्रेम-२ नसलेल्या उंदरांत हे कडे विरळ होते. पुटाच्या कडा विस्कटतात, ॲमायलॉइडचे बारीक तंतू बाहेर पसरतात आणि जवळून जाणारे चेतातंतू सुजून, वेडेवाकडे होऊन गाठाळलेले दिसतात. विहिरीला कठडा बांधला म्हणून विहीर बुजत नाही, पण आसपास वावरणारे तिच्यात पडत नाहीत. मायक्रोग्लियांचे कडे पुटाच्या बाबतीत तेवढे काम करते. आर४७एच असलेल्या रुग्णांच्या मेंदूत, मृत्यूनंतरच्या तपासणीत, हे कडे कमकुवत असल्याचे २०१६ मध्ये दाखवण्यात आले.

त्यानंतरचा टप्पा इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून आला. इडो अमित आणि मिकल श्वार्ट्झ यांच्या गटाने २०१७ मध्ये एकेका पेशीतले आरएनए वेगळे वाचण्याचे तंत्र वापरले. आजारी उंदरांच्या मेंदूत त्यांना मायक्रोग्लियांची एक वेगळी अवस्था सापडली. तिला आजाराशी निगडित मायक्रोग्लिया म्हणतात. या अवस्थेत नेहमीच्या देखरेखीची जनुके मंदावतात आणि मेद पचवणारी, कचरा गिळणारी जनुके जोमाने चालू होतात. हा बदल दोन पायऱ्यांनी होतो. पहिली पायरी ट्रेम-२शिवाय चढता येते. दुसरीला ट्रेम-२ लागतेच; नसेल तर पेशी अर्ध्यावर थबकतात. त्याच वर्षी बोस्टनमधील ओलेग बुटोव्स्की यांच्या गटाने ट्रेम-२ आणि एपोई या जोडीला या बदलाच्या केंद्रस्थानी ठेवले. अल्झायमरची दोन महत्त्वाची जनुके एकाच वाटेवर भेटली, हा योगायोग नव्हे.

मेद गिळणे सोपे, पचवणे अवघड. मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर असते आणि पेशीला कोलेस्टेरॉल मोडता येत नाही, ते फक्त बाहेर पाठवता येते. ट्रेम-२ नसलेल्या मायक्रोग्लियांना मायलिन खाऊ घातले की त्यांच्यात कोलेस्टेरॉलचे थेंब साचून राहतात, हे २०२० मध्ये दिसले. २०१७ च्या आणखी एका अभ्यासात अशा पेशी ऊर्जेच्या तुटवड्यात सापडल्या. त्या स्वतःचेच भाग पचवून तग धरत होत्या. म्हणजे ट्रेम-२ पेशीला केवळ काम सांगत नाही, त्या कामासाठी लागणारी शिदोरीही देते. इथे एक जुनी नोंद आठवावी अशी आहे. आलोइस अल्झायमर यांनी १९०७ मध्ये आपल्या प्रसिद्ध रुग्णेच्या मेंदूचे वर्णन छापले, तेव्हा त्यांनी पुटे आणि गुंते यांच्याबरोबरच ग्लिया पेशींत मेद साचल्याचेही लिहून ठेवले होते. पुटे आणि गुंते पाठ्यपुस्तकांत गेले, मेद मागे पडला. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एपोई-४च्या दोन प्रती असलेल्या रुग्णांच्या मायक्रोग्लियांत मेदाचे थेंब पुन्हा मोजले आणि विषय शंभरहून अधिक वर्षांनी चर्चेत आला.

एवढ्यावरून ट्रेम-२ जितके जास्त तितके चांगले, असे वाटणे साहजिक आहे. पण टाऊ या दुसऱ्या प्रथिनाने हा हिशेब बिघडवला. अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या आत टाऊचे गुंते होतात आणि स्मृतिनाशाचा त्यांच्याशी पुटांपेक्षा जवळचा संबंध असतो. केवळ टाऊचा आजार असलेल्या, पुटे नसलेल्या उंदरांतून २०१७ मध्ये सेंट लुइस येथील डेव्हिड होल्ट्झमन यांच्या गटाने ट्रेम-२ काढून टाकले. अपेक्षा ऱ्हास वाढण्याची होती. झाले उलटे. दाह कमी झाला आणि मेंदू कमी आक्रसला. त्याच गटाने २०१९ मध्ये पुटे असलेल्या उंदरांच्या मेंदूत टाऊचे कण सोडले, तेव्हा मात्र ट्रेम-२ नसल्याने पुटांभोवती टाऊ अधिक पसरला. या दोन निकालांची सांगड घालायची तर एकच मार्ग उरतो, तो वेळेचा. पुटे तयार होण्याच्या काळात मायक्रोग्लियांची जोरदार प्रतिक्रिया टाऊला रोखून धरते. टाऊ एकदा सर्वत्र माजला की तीच प्रतिक्रिया चेतापेशींचा आणि चेतासंधींचा बळी घेते. ही मांडणी आज बरीचशी मान्य आहे, तरी तिचा मुख्य आधार उंदीर आहेत, हे विसरून चालणार नाही.

माणसांतला पुरावा पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातून मिळतो. ट्रेम-२चा बाहेरचा भाग ॲडॅम-१० आणि ॲडॅम-१७ ही विकरे कापतात आणि तो तुकडा मेंदूभोवतीच्या द्रवात तरंगू लागतो. हा विरघळता ट्रेम-२ मोजता येतो. म्युनिकमधील क्रिस्टियान हास यांच्या गटाने २०१६ मध्ये आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत तो मोजला. लक्षणे सुरू होण्याच्या अपेक्षित वयाच्या सुमारे पाच वर्षे आधीपासून तो वाढलेला होता. मात्र ॲमायलॉइडमधले बदल त्याच्याही आधीचे होते. पुढच्या पाहणीत, ज्यांच्या द्रवात हा तुकडा टाऊच्या मानाने जास्त होता त्यांची स्मृती सावकाश खालावली. ट्रेम-२ कापला जाण्याच्या नेमक्या जागेवरचा एच१५७वाय हा बदल चीनमधील हान लोकांत अल्झायमरचा धोका वाढवतो. त्याने कापणी वाढते आणि पेशीवर शिल्लक राहणारे ट्रेम-२ घटते.

अल्झायमरपलीकडेही या जनुकाचा संबंध आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा मायलिनवर हल्ला करते. तसा आजार दिलेल्या उंदरांत ट्रेम-२ अडवले की आजार बळावतो, आणि ट्रेम-२ जास्त बनवणाऱ्या पेशी टोचल्या की मायलिनचा कचरा लवकर हटतो आणि आजार हलका होतो. पार्किन्सन आणि एएलएस (हालचालीच्या चेतापेशींचा आजार) यांच्याशी आर४७एचचा संबंध काही पाहण्यांत दिसला, इतरांत दिसला नाही. त्यावर फार भार टाकू नये. मेंदूबाहेर, लठ्ठपणात मेदऊतीतल्या भक्षक पेशी ट्रेम-२ धारण करतात. अनेक कर्करोगांच्या गाठीत शिरलेल्या भक्षक पेशींवरही ते असते आणि तिथे ते गाठीविरुद्धचा प्रतिकार दाबते. म्हणून कर्करोगात ट्रेम-२ अडवणारी औषधे तपासली गेली, तर मेंदूसाठी त्याला चालना देणारी. एका जनुकाला दोन विरुद्ध दिशांनी ओढण्याचा हा प्रकार औषधनिर्मात्यांना सावध करणारा आहे.

दाह सरसकट दाबण्याचा प्रयोग आधीच होऊन गेला होता. संधिवातासाठी वर्षानुवर्षे दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असे निरीक्षण १९९० च्या सुमारास पुढे आले. त्यावरून अमेरिकेत २००१ मध्ये नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या गोळ्यांची चाचणी सुरू झाली. हृदयाच्या सुरक्षिततेच्या चिंतेने डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि स्मृतीला फायदा काही झाला नाही. ट्रेम-२ने पुढे दाखवले ते लक्षात घेता यात नवल नाही. ज्या पेशींनी कडे करायचे, त्यांनाच गप्प बसवून पुटांचा त्रास कसा कमी व्हावा?

उलट्या दिशेचा प्रयत्न म्हणजे ट्रेम-२ला बाहेरून चालना देणारी प्रतिपिंडे. अलेक्टर कंपनीचे एएल००२ हे त्यांतले सर्वांत पुढे गेलेले. सुरुवातीच्या अवस्थेतील अल्झायमरच्या रुग्णांवर त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल जाहीर झाला. औषध मेंदूत पोहोचले होते, ट्रेम-२ला चिकटले होते, द्रवातला विरघळता ट्रेम-२ कमी झाला होता. रुग्णांची घसरण मात्र कमी झाली नाही. डेनाली कंपनीचे दुसरे प्रतिपिंड निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या टप्प्यातच २०२३ मध्ये थांबवले गेले. प्रतिपिंडाऐवजी गोळीतून देता येणाऱ्या लहान रेणूवर काम करणारी व्हिजिल ही कंपनी २०२५ मध्ये सानोफीने विकत घेण्याचे जाहीर केले, यावरून उद्योगाने आशा सोडलेली नाही एवढे कळते. एएल००२च्या अपयशाचा अर्थ ट्रेम-२ निरुपयोगी, असा काढणे घाईचे होईल. लक्षणे दिसू लागतात तोवर टाऊ बराच पसरलेला असतो, आणि उंदरांवरचे प्रयोग खरे मानले तर चालना देण्याची वेळ तेव्हा टळून गेलेली असते. २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही ॲमायलॉइडविरोधी प्रतिपिंडेही पुटे हटवण्याच्या कामात मायक्रोग्लियांवर अवलंबून असतात. त्यांच्या जोडीला योग्य वेळी ट्रेम-२ची चालना देणे, हा पुढचा रास्त प्रयोग ठरतो.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने सांगितले. पण आर४७एचचे सगळे गाजलेले आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून आले आहेत. चिनी आणि जपानी लोकांत तो जवळजवळ सापडतच नाही. तेव्हा परदेशी आकडा उचलून भारतीय कुटुंबाला त्याचा धोका सांगणे चुकीचे आहे. घरात कुणाला विस्मरण झाले म्हणून मुला-नातवंडांची ट्रेम-२ तपासणी करून घेण्यातही अर्थ नाही. तिच्या निकालावरून आज कोणताच उपचार बदलत नाही. तपासणी करावी ती एकाच परिस्थितीत. तरुण वयात हाता-पायांच्या हाडांत पोकळ्या निघाल्या, किरकोळ आघाताने हाडे मोडली आणि तिशी-चाळिशीत स्वभाव पालटू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांचे कागद पाहावेत आणि ट्रेम-२ व डॅप-१२ ही दोन्ही जनुके तपासून घ्यावीत.